लॅपटॉपातली शिट्टी

सुकदेव, तू हरलास. दीड वर्ष चाललेला आपला वाद परवा तुझ्या गंधमुक्तीच्या दिवशी एकदाचा मिटला आणि माझ्या बाजूने मिटला. लॅपटॉपच्या आतल्या साऊंडवर गाणं रेकॉर्ड करू नये, बाहेरचं वेगळं साऊंड कार्ड लावावं, हे साठ-सत्तर माणसांदेखत सिद्ध झालं. तू हार घालून फोटोत बसला होतास. आयुष्यात पहिल्यांदा मी बोललो आणि तू मध्ये तोंड घातलं नाहीस.

आता बोल की. बोल ना!

झालं असं, की जेवणाची पंगत बसायच्या आधी मंगलावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांची गाणी लावा. सगळ्यांच्या कानावर जाऊ द्या." मी दुकानातला मोठा स्पीकर आणला. तुझा लॅपटॉप जोडला. सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या मोकळ्या प्लॉटवर मांडव, एकीकडे बायका आणि गावाकडून आलेले पाहुणे, दुसरीकडे सचिनच्या औद्योगिक वसाहतीतले, कापडाच्या लूमवरचे आपले लोक. मी तुझं आपल्या कानबाई देवीचं पहिलं गाणं लावलं आणि अर्ध्या मिनिटात बायकांनी कानाला पदर लावले. तुझी धुळ्याची मेहुणी तर उठूनच उभी राहिली. म्हणाली, "अहो, ती शिट्टी बंद करा ना आधी!"

मी वायर पाहिल्या, पिन काढून परत घातली, स्पीकरवर हात ठेवला. कसली शिट्टी? माझ्या कानात फक्त तू होतास. तिकडे पाहुण्यांतला एक म्हातारा म्हणतोय, "गाण्यापेक्षा शिट्टीच मोठी आहे, बुवा." आणि इकडे लूमचे तीस-चाळीस कारागीर सतरंजीवर मांडी घालून माना डोलवतायत, डोळे पुसतायत. बापू मुकादम तर अंगठा वर करून मला म्हणाला, "एक नंबर!" त्याला शिट्टी नाहीच. त्याच्या शेजारच्यालाही नाही. ज्यांनी लूमवर वर्षं काढली त्यांना गाणं ऐकू येत होतं, बाकी सगळ्यांना शिट्टी. मांडवाचे सरळ दोन भाग झाले आणि मी हातात वायर धरून मधोमध उभा होतो. आपण कुठल्या भागात बसतो हे मला तेव्हाच कळलं.

पण मी काय केलं, माहीत आहे? घसा साफ केला आणि मोठ्याने म्हणालो, "लॅपटॉपच्या आतलाच साऊंड वापरलाय त्याने. मी सांगत होतो, बाहेरचं कार्ड लाव. ऐकलं नाही." लोकांनी माना हलवल्या. जाणकार माणूस, म्हणाले. तेराव्या दिवशी तुझ्या मांडवात उभं राहून मी तुझा पाणउतारा केला, सुक्या, आणि खरं सांगतो, मला क्षणभर बरं वाटलं.

सांत्वनाला दारावर बसायला येणारा प्रत्येक जण तुला देवमाणूस म्हणून गेला. मी ऐकून घेतलं. देवमाणूस कसला? तू एक नंबरचा हेकट होतास. चहा पाजायची वेळ आली की तुझी चप्पल हरवायची. दुसऱ्याच्या गाण्याला कधी चांगलं म्हटलं नाहीस. आणि माझी पाठ गेली तेव्हा सव्वा महिना तू तुझे सांभाळून माझेही लूम चालवलेस, शेठने माझ्या जागी दुसरा घेऊ नये म्हणून. ते मात्र कुणाला कळू दिलं नाहीस. मलाही बापूकडून कळलं. आभार मानायला आलो तर म्हणालास, "चल हट, तुन्हे लूम बरा चालतस, म्हनीसन चालाडात." म्हणजे माझे लूम बरे चालतात म्हणून चालवलेस, माझ्यासाठी नाही. असा तू.

अठरा वर्षं आपण समोरासमोर उभे राहिलो. लूमच्या खात्यात, म्हणजे त्या कारखान्याच्या शेडमध्ये, शंभरभर लूम एकदम धडधडत असताना कोण कुणाचं ऐकणार? आपण ओठ वाचायचो. तू चार लूम पलीकडून नुसते ओठ हलवलेस तरी मला कळायचं, शिवी शेठला आहे की त्याच्या पोराला. शेठ मध्ये उभा असायचा, त्याच्या तोंडावर आपण त्याची आईबहीण काढायचो आणि तो आपल्याला नमस्कार करून पुढे जायचा. काय हसलोय आपण! पण पाळी सुटल्यावर बाहेर चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवरही आपण एकमेकांच्या तोंडाकडेच बघत बोलायचो. तिथे कुठे होते लूम? ते का, हे तूही विचारलं नाहीस, मीही नाही.

आता तू चुगली करू शकत नाहीस, म्हणून लिहितो. मला बारीक आवाज दहा वर्षांपासून ऐकू येत नाहीत. समोरचा पाठ करून बोलला की शब्दांचा नुसता गोळा होतो. लूम सोडून मी स्पीकर आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हाही येत नव्हते. स्पीकर तपासताना मी त्याच्या थरथरणाऱ्या कागदी पडद्यावर तळहात ठेवतो आणि डोळे मिटतो. लोकांना वाटतं, काय उस्ताद आहे! उस्ताद कसला, हाताने ऐकतोय बिचारा. लग्नसराईत डीजेवाले माझ्या दारात रांग लावतात. त्यांना जर कळलं की हिरामण स्पीकरवाला बहिरा आहे, तर उद्या कोण उभं राहील? म्हणून मी घरातही कधी बोललो नाही.

आणि अशा माणसाला तू आवाजातलं विचारायला आलास.

कतारगामच्या कुठल्याशा हिऱ्याच्या ऑफिसातून निघालेला तो जुना लॅपटॉप तू छातीशी धरून आणलास तो दिवस मला आठवतो. या श्रावणात कानबाई बसायच्या आधी बारा गाणी करायची, अहिराणीत, स्वतः रचलेली, आणि शिंदखेड्याकडच्या सगळ्या गावांत मोबाईलवर पोहोचवायची. "सुरतले ऱ्हाईसन बी मी मन्ही भाषा इसरनू नही, हाई कळू दे त्यासले." आपली भाषा तू विसरला नाहीस, हे गावाला कळायला हवं होतं. मी म्हणालो, माईक लॅपटॉपला डायरेक्ट लावू नकोस, वेगळं कार्ड घे. काडेपेटीएवढं असतं, बाजूला टोचायचं आणि माईक त्यात लावायचा. तू म्हणालास, "का? कंपनीनी आतमा साऊंड देल शे ना? कंपनी काय येडी शे?"

मी तुला समजावलं. लॅपटॉपच्या पोटात सगळं खेटून बसवलेलं असतं, पंखा, चार्जरची वीज, बाकीचं सगळं. माईकमधून येणारा करंट एवढासा, त्यात ती घाण मिसळते. गाणं, सिनेमा ऐकायला आतला साऊंड चालून जातो, पण आवाज आत घ्यायचा असेल तर तो बाहेरच साफ करून द्यावा. हे सगळं बरोबर होतं, सुकदेव. एकूण एक शब्द बरोबर. फक्त ते मी कार्ड विकणाऱ्या दुकानदाराकडून ऐकलं होतं. तू मला विचारलंस, "तुले ऐकू येस का ती घाण?" आणि मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "साफ ऐकू येते."

साफ खोटं. माझ्या आयुष्यातला एकुलता एक खरा सल्ला मी खोटं बोलून दिला, म्हणूनच तू तो घेतला नाहीस.

कारण तू माझी परीक्षा घेतलीस. सुट्टीचा दिवस, भर दुपार, तुझी खोली. वहिनी दाराशी बसून साडीवर खडे चिकटवत होत्या. एकच गाणं तू दोनदा गायलास, एकदा लॅपटॉपच्या आतल्या साऊंडवर, एकदा मी आणलेल्या कार्डावर. मग मला हेडफोन घालून भिंतीकडे तोंड करून बसवलंस. दहा वेळा वाजवलंस आणि विचारलंस, कुठलं कुठलं? मी पूर्ण आत्मविश्वासाने, एक किंवा दोन बोटं वर करून, दहा उत्तरं दिली. चार बरोबर निघाली. तू मांडीवर थाप मारून हसलास. "चार तं मन्ही म्हैस बी सांगी!"

मी चिडलो. म्हणालो, आता तू हो भिंतीकडे. तू ऐटीत उठलास, भिंतीला तोंड करून उभा राहिलास. हेडफोन अजून माझ्याच हातात होता, काही लावलंही नव्हतं. मी तुझ्या मागे, चार हातांवरून, आपण बोलतो तशा आवाजात म्हणालो, "सुक्या, चहा पिणार का? मी पाजतो."

तू तसाच उभा. चहाला आयुष्यात नाही न म्हटलेला माणूस, तोही दुसऱ्याने पाजलेल्या! मी परत म्हणालो. तू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा होतास. तेव्हा मला कळलं, की तुझे कान माझ्यापेक्षा जास्त गेलेत. आणि लाज वाटायची सोडून मला आनंद झाला, रे. चला, म्हटलं, आपल्याहून वाईट कुणीतरी आहे. खांद्यावर हात ठेवून तुला वळवलं असतं आणि सांगितलं असतं, "तू बहिरा आहेस, मीही आहे," तर काय झालं असतं? पण मग माझंही बाहेर आलं असतं. मी तुला हेडफोन दिला, दोन्ही गाणी वाजवली, तू वळून जाहीर केलंस, "काही फरक नही!" आणि मी म्हणालो, बरं बाबा, तू जिंकलास.

त्याच वेळी वहिनी दारातून म्हणाल्या, "एकात शिट्टी वाजतेय की हो बारीक. मघाशी तुम्ही स्पीकरवर लावलं तेव्हा ऐकली मी."

आठवतं? आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसलो. तू म्हणालास, "गॅसवर कुकर ठेवलाय तू." मी म्हणालो, "वहिनी, हे टेक्निकल काम आहे." टेक्निकल! त्या खोलीत कान असलेलं माणूस एकच होतं आणि त्या माणसाला आपण खडे चिकटवायला बसवलं. परवा मांडव उठल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, मला वाटायचं ती शिट्टी असतेच. तुम्ही दोघं एवढे जाणते, तुम्हाला चालतंय म्हणजे असेल तसंच."

आणि मग तू कार्डातून केलेलं गाणं पुसायला सांगितलंस. "दोन्ही सारखेच, कशाले ठेवाना?" बटण मी दाबलं. तुझा स्वच्छ आवाज जगात एकाच जागी होता आणि तो मी एका बोटाने घालवला, रुसून. कार्ड परत पाकिटात घातलं आणि दुकानाच्या ड्रॉवरमध्ये फेकलं. पुढची अकरा गाणी आपण आतल्याच साऊंडवर केली. झालं की तू ती लूमच्या लोकांना पाठवायचास. ते लिहायचे, एक नंबर, कडक, भारी. लिहिणारच! सगळे आपलेच भाऊबंद, सगळ्यांचे कान त्याच शेडमध्ये गेलेले. गावाला पाठवायचं तू बाराही झाल्यावर एकदम ठरवलं होतंस, म्हणून तेवढी फजिती टळली.

कसा गेलास ते मला लिहायचं नव्हतं. पण ते तू माझ्याकडून काढून घेणारच.

दुपारची पाळी सुटली होती. खात्याच्या आवारात कापडाचे ताके भरायला टेम्पो मागे मागे येत होता. मागे येताना वाजतो तो बारीक आवाज वाजत होता, सगळे सांगतात. ड्रायव्हरला आरशात तू दिसला नाहीस. मागून चार जणांनी हाका मारल्या, बापू तर ओरडत पळाला. तू त्यांच्याकडे पाठ करून उभा होतास. समोरून कुणी नुसते ओठ हलवले असते तरी तू उडी मारून बाजूला झाला असतास. समोर कुणी नव्हतं.

लोक म्हणाले, गाण्याच्या तंद्रीत होता. कुणीतरी असंही सांगितलं, की गुणगुणत होता. वहिनींनी ते घट्ट धरून ठेवलं. येईल त्याला सांगायच्या, "कानबाईचं नाव तोंडात होतं. आपल्यातच होते, म्हणून कळलं नाही त्यांना." मी शेजारी बसून मान डोलवायचो. तंद्री कसली, सुकदेव! तीच पाठ, तोच तू, कॅलेंडरकडे बघत उभा असलेला. मला माहीत होतं. वर्षापूर्वीपासून माहीत होतं.

काल दुपारी वहिनी लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, ती शिट्टी काढता येते का? कानबाई बसायच्या आत गावाला पाठवायचीत. त्यांनी ठरवलं होतं." मी आधी ड्रॉवरमधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं, मूर्खासारखं. आता त्याचा काय उपयोग? घाण गाण्यात बसलेली, आता शंभर कार्डं लावा. पण आवाजाचा नेमका तेवढाच बारीक भाग खाली ओढायची सोय लॅपटॉपमध्ये असते. फक्त तो भाग कुठला, ते कानाने सांगावं लागतं. मी वहिनींना म्हणालो, "हेडफोन तुम्ही घाला. घरच्या माणसाचा कान बरा." त्यांना त्यातही माझा मोठेपणाच दिसला.

मी लॅपटॉपच्या पडद्यावरची पट्टी ओढायचो, त्या सांगायच्या, आहे, आहे, अजून आहे, कमी झाली, गेली. एकेक करत अकरा गाणी झाली. शिट्टीबरोबर तुझा आवाजही थोडा बसला, असं त्या म्हणाल्या. "पण त्यांचाच आहे," म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. बारावं गाणं लावलं, पट्टी ओढली आणि त्यांनी हात वर केला.

"थांबा. गाण्याच्या आधी काहीतरी बोलतायत. शिट्टीखाली दबलं होतं. मागे घ्या जरा."

मी मागे घेतलं. त्यांनी हेडफोन कानावर दाबून धरला. "तुमच्याशी बोलतायत, भाऊजी. हळू बोलतायत."

"काय म्हणतोय?"

"तुम्हीच ऐका ना," म्हणून त्या हेडफोन काढायला लागल्या. मी म्हणालो, "नको. जसं ऐकू येतं तसं तुम्हीच बोला. माझ्याकडे तोंड करून." त्यांना ते चमत्कारिक वाटलं असणार. पण त्या वळल्या, डोळे मिटले आणि तुझं बोलणं तुकड्या-तुकड्याने त्यांच्या तोंडातून बाहेर यायला लागलं.

"हिऱ्या... तुले ऐकू येत नही ना, भो... मले माहीत शे... मले बी येत नही... मना कान तुनापेक्षा जास्त गयात... मंगलाले सांगू नको."

स्वतःचं नाव उच्चारलं आणि त्यांचे ओठ थांबले.

शेवटच्या गाण्याचा तो दिवस मला आठवला. लॅपटॉप भिंतीजवळच्या स्टुलावर. रेकॉर्डिंग सुरू करताना माझी तुझ्याकडे पाठ असायची, मग मी वळून तुझ्यासमोर येऊन बसायचो. त्या चार-पाच क्षणांत तू हे बोललास. माझ्या पाठीला. कंजूस माणसा, अठरा वर्षांत एक गोष्ट मनातली सांगितलीस आणि तीही मला ऐकू येणार नाही याची खात्री करून! मी वळलो तेव्हा तू हसत होतास. मग गायला लागलास आणि मी पूर्ण गाणं तुझे ओठ वाचत बसलो आणि शेवटी म्हणालो, वा. बाराही गाणी मी तशीच ऐकली, रे. परवा मांडवात माझ्या कानात तुझा आवाज होता, शब्द नव्हता एकही. ते मी आठवणीतून भरले.

वहिनींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. डोळे उघडले. त्या काही खुळ्या नाहीत. टेम्पोचा बारीक आवाज, चार जणांच्या हाका, तुझी पाठ, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकामागोमाग एक येताना मला दिसलं. तंद्री गेली. तेवढीच तू त्यांच्यासाठी ठेवून गेला होतास आणि ती मी त्यांच्याच तोंडाने काढून घेतली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. "तुम्हाला माहीत..." एवढं मला कळलं.

मी मान खाली घातली. मान खाली घातली की मला काही ऐकू येत नाही, हे आता तुला वेगळं सांगायला नको. टेबल हलत होतं, म्हणजे त्या हात आपटून बोलत असाव्यात. बराच वेळ बोलत होत्या. मी कार्डाचं पाकीट उघडलं, परत बंद केलं, परत उघडलं. टेबल हलायचं थांबलं तरी मी वर पाहिलं नाही.